मब्रूकासाठी पाणी

ट्युनिस, ९ एप्रिल १९९६

चि. तिजानी यास अ. उ. आ.

तू पाठवलेलं कासव पोचलं. लुआजची भाड्याची गाडी चालवणाऱ्या हमादीने ते बिस्किटांच्या खोक्यातून आणलं. बाब सादूनच्या अड्ड्यावर खोकं माझ्या हातात देताना म्हणाला, की तुमच्या भावाने सांगितलंय, आईचं मन रमेल. उम्मीचं मन रमवायला मी तुला बोलावलं होतं, कासवाला नव्हे. असो.

जानेवारीत बेजाचं घर विकलं तेव्हापासून उम्मी माझ्या या तिसऱ्या मजल्यावर मब्रूकाला शोधते आहे. पलंगाखाली वाकते, शिलाईयंत्राच्या पायडलाशी हात घालते आणि विचारते, उठली का ग ती? चाळीस वर्षं अंगणात वावरलेलं कासव, सवय सुटायची कशी? तू शिकवलंस तसं मी दर वेळी सांगते, की मब्रूका तिजानीच्या सेजनानच्या बागेत आहे, मजेत आहे. ती मान हलवते आणि तासाभराने पुन्हा वाकते.

नव्या कासवासाठी बाल्कनीत मातीची पेटी केली आहे. मब्रूकाला घालायचो तशी सॅलडची पानं घालते. अजून शिवलेलं नाही.

आता कामाचं. माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन ८ जूनला ठरलं आहे. डॉक्टर म्हणाले, महिनाभर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. उम्मीला धरून न्हाऊ घालणारी मी, वाकणार नाही तर काय करणार? शाळेच्या एप्रनांना काजं करताना आता सुई बोटानेच ओळखते. हा डोळा गेला तर आम्हा दोघींचं पोट गेलं. महिनाभर उम्मीला तुझ्याकडे ने. ही तारीख हुकली तर पुढची हिवाळ्यात मिळेल.

सिहेमला आशीर्वाद. माझ्यावर तुझा लोभ आहे हे मला ठाऊक आहे, तो जरा हातापायांत उतरू दे.

तुझी
मोंजिया


सेजनान, १८ एप्रिल

ती. लल्ला मोंजियास सलाम, वि. वि.

तुझं पत्र वाचून सिहेम हसली. म्हणाली, तुमच्या बहिणीच्या सुईला दोरा लागत नसेल, पण टोक शाबूत आहे.

कासवाची काळजी करू नकोस. पाऊस झाल्यावर ओढ्याजवळच्या रस्त्यावर चालत होतं, तिथून मी उचललं. नवी जागा म्हणून रुसलं असेल. पाणी फार दाखवू नकोस, सर्दी होते. मब्रूकाचं जसं करायचो तसंच कर.

उम्मीला न्यायचं म्हणतेस, पण जूनमध्ये शाळेच्या परीक्षा, त्यात छपराचं काम काढलं आहे. दोन खोल्यांत तिला झोप कशी लागणार? शेजारच्या खदीजाबाईंना महिनाभर मदतीला विचारून पाहिलंस का? मी जुलैत नक्की बघतो.

उम्मीच्या हाताचं चुंबन घेतल्याचं तिला सांग. राग असला तरी पत्र धाडत राहावं.

तुझा
तिजानी


ट्युनिस, २९ एप्रिल

चि. तिजानी यास अ. उ. आ.

मास्तर, तुमचं कासव पाण्यातलं आहे.

आठवडाभर त्याने काही खाल्लं नाही, मग डोळे सुजून मिटले. मी ते टॉवेलात गुंडाळून बाजारातल्या मासेवाल्याकडे नेलं, तो काचेच्या पेटीतले शोभेचे मासे विकतो. त्याने ते उलटं केलं, बोटांमधली कातडी दाखवली आणि म्हणाला, बाई, तुम्ही याला रोजा घडवलात की हो, आणि सूर्य मावळला तरी सोडू दिला नाहीत. दुकानातली माणसं हसली. मीही हसले, करते काय. आपल्याकडे कासव म्हणजे अंगणातलं, पानं खाणारं, दृष्ट लागू नये म्हणून पाळलेलं. पोहणारं कासव पाळतो कोण?

त्याने सांगितलं तसं सगळं केलं. काचेची पेटी परवडेना, म्हणून उम्मीचं लोकर धुवायचं जस्ताचं घंगाळ बाल्कनीत मांडलं. नळाचं पाणी एक दिवस बादलीत ठेवून मग ओतायचं, अर्ध्यापर्यंतच. मधे विटांवर कौल आडवं, म्हणजे त्याला वर चढून ऊन खाता यावं. पानांऐवजी तारल्यांचे तुकडे, तेही वेगळ्या तसराळ्यात, नाहीतर घाण वास सुटतो. एक दिवसाआड सगळं पाणी उपसायचं. त्या घंगाळात चार बादल्या मावतात, तिजानी. मी मोजायचं सोडून दिलं आहे.

तिसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडले आणि तुकडा ओढला. खरं सांगते, मला रडू आलं.

पण उम्मीला हे पटत नाही. रोज सकाळी मला जाग यायच्या आत ती बाल्कनीत जाते, बाह्या वर करते, कासवाला बाहेर काढते आणि आपल्या ओढणीने कोरडं करून मांडीवर घेऊन बसते. मी परत पाण्यात सोडते. दुपारी पुन्हा तेच. मी सांगितलं, उम्मी, ते पाण्यातच जगतं. ती म्हणाली, तुला काय कळतंय. या कासवालाही ती मब्रूकाच म्हणते.

खदीजाबाई स्वतः काठीवर चालतात. जुलै मला नको आहे. मी फार थकले आहे, हे दुसऱ्या कोणाला लिहायचं?

तुझ्या छपरावर देवाची कृपा राहो आणि थोडी माझ्यावर तुझी.

मोंजिया


सेजनान, १२ मे

ती. लल्ला मोंजियास सलाम, वि. वि.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. छपराचं काम काढलेलं नाही. सिहेम तर म्हणते, आणा आईंना, खोली झाडून ठेवली आहे. आडवा मीच येतो आहे.

मब्रूका माझ्या बागेत नाही. कधीच नव्हती.

जानेवारीत सह्या झाल्या त्या सकाळी उम्मीने मला अंगणात नेलं होतं. नारिंगाच्या झाडाखालची माती दाखवून म्हणाली, ती खाली निजली आहे, मार्चमध्ये वर येईल, तोवर किल्ल्या देऊ नकोस. मी हो म्हणालो. घेणारा दाराशी उभा होता. एका कासवासाठी दोन महिने सौदा अडवायचा म्हणजे तो हसला असता, म्हणून मी गप्प बसलो आणि किल्ल्या दिल्या. निजलेल्या कासवाला उकरून काढता आलं असतं, हेसुद्धा त्या घाईत सुचलं नाही.

मार्चमध्ये कोणाला न सांगता बेजाला गेलो. झाड तोडलं होतं. अंगणभर सिमेंट ओतून वर फरशी घातली होती. मी त्या फरशीवर उभा राहिलो, घरातल्या बाईने कॉफी विचारली आणि मी नको म्हणून निघालो. परतीच्या वाटेवर, तुला पाठवलं ते कासव दिसलं.

आता सांग, उम्मीला घरी आणून बागेत काय दाखवू? ती पहिलाच प्रश्न तोच विचारील. तू रागावणार, ते मला मान्य आहे. तरी भाऊ म्हणून ठेव.

तिजानी


ट्युनिस, २१ मे

चि. तिजानी यास आशीर्वाद.

रागवायला वेळ लागतो. तो डोळा बरा झाल्यावर काढीन. तुझ्यासाठी चार महिने मी तिच्याशी खोटं बोलले, तेही तेव्हाच बोलू.

शनिवारी, १ जूनला, सकाळच्या खेपेला हमादीच्या गाडीत दोन जागा सांगितल्या आहेत. एकीवर उम्मी, दुसरीवर घंगाळ. कासव तिच्या मांडीवर असेल. तू अड्ड्यावर उभा राहा. हमादी म्हणाला, खोकं आणलं तसंच सुखरूप परत नेतो, फक्त या वेळी सामान बोलणारं आहे.

पाणी एक दिवस आधी बादलीत भरून ठेव. उम्मीला रात्री दिवा चालू लागतो. बागेत काय दाखवायचं ते तुझं तू बघ.

मोंजिया


सेजनान, १६ जून

ती. लल्ला मोंजियास सलाम, वि. वि.

तुझ्या डोळ्यावर पट्टी आहे, म्हणून हे पत्र खदीजाबाई वाचत असतील. त्यांनाही सलाम, आणि पुढे माझी लाज निघते, ती त्यांनी मोठ्याने वाचावी.

उम्मी उतरली ती कासवासकट, ओल्या ओढणीने. हमादी म्हणाला, मातर गावापासून ती बाटलीतलं पाणी त्याच्यावर शिंपडत होती, निम्मं शेजारच्या माणसाच्या पाटलोणीवर गेलं. मी घंगाळ अंगणात मांडलं, विटा, कौल, सगळं तू लिहिलंस तसं. चार बादल्या. पहिल्या दिवशी माझी कंबर धरली. तुझी पत्रं पुन्हा काढून वाचली आणि मान खाली गेली.

बारा दिवस तिने मब्रूकाचं नाव काढलं नाही. बागेकडे नुसती पाहायची. रोज सकाळी बाह्या वर, हात पाण्यात, कासव मांडीवर. तिला विचारलेलं मला सोसलं असतं, न विचारलेलं सोसेना. शुक्रवारी मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. झाड, किल्ल्या, सिमेंट.

ती म्हणाली, ठाऊक आहे. तू मोंजियाच्या दारात येणं बंद केलंस तेव्हाच कळलं. मी विचारलं, मग पलंगाखाली का शोधायचीस? म्हणाली, कोणी तरी शोधायला हवं ना रे. मग कासवाची पाठ पुसत म्हणाली, एक खाली राहिली, तिला वर काढायला कोणी गेलं नाही. हिला मी रोज काढते.

मी तिच्या हातातून कासव घेतलं, पाण्यात सोडलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याआधी उठून मीच वर काढलं. तिने पाहिलं आणि पहिल्यांदाच परत जाऊन आडवी झाली. ऊन वर येईपर्यंत झोपली होती.

महिन्याचं बोलणं झालं होतं, ते आता विसर. पट्टी निघाली तरी बादली उचलायची घाई करू नकोस. उम्मी इथे राहील, आणि तुला राग काढायचा असेल तर तूही ये. अड्ड्यावर उभा राहीन.

तुझा
तिजानी