पुलाची वजनवही

३ मार्च

बंदरावरच्या पुलाची स्पर्धा माझ्या सख्ख्या भावाने जिंकली. म्हणजे आता घरी आणि ऑफिसात, दोन्हीकडे तेच तोंड! तो पुलाचं रूप ठरवणार, मी पूल हलवणार. चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी पूल; जहाज आलं की मधून उघडणार, दोन्ही पंख वर. धाकटा काळा शर्ट घालून आला होता. "ताई, हा पूल नाही, श्वास आहे." समितीतल्या तिघांनी माना डोलावल्या. श्वासाचं वजन किती, ते कुणी विचारलं नाही.

१९ एप्रिल

वर्कशॉपमध्ये मॉडेल उभं राहतंय. एकच पंख, खऱ्याच्या पाचव्या हिश्शाचा, लोखंडी. समितीने बजावलंय — हा पंख नव्वद सेकंदांत उभा राहिला तरच उघडणारा पूल. नाहीतर दुसरा नकाशा तयार आहे: उंच, कधीच न उघडणारा, दोन्हीकडे छातीवर येणारा चढ. तो चढ कुठली म्हातारी चढणार? कुठला सायकलवाला? पण समितीत सगळे गाडीवाले.

आज वजनवही टांगली. पंखाच्या टोकाला एक किलो वाढला की मागच्या बाजूला पाच किलो टाकावे लागतात. हे लोकांच्या डोक्यात शिरत नाही, म्हणून वही. जे बसवाल, अगदी स्क्रूसुद्धा, ते आधी काट्यावर, मग वहीत, खाली सही. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: सगळ्यांनी लिहायचं. पेन सुतळीने बांधलं. ते तरी जागेवर राहील.

७ मे

धाकट्याला पुलावर बाकं हवीत. बाकं!

"लोक बसून पाणी बघतील, ताई."

"आणि पंख वर जायला लागला की?"

"उठतील की."

एवढाच विचार! वर पितळी दिवे. खोट्या दागिन्यांची हौस. वहीत लिहायला लावलं. लिहिलं मुकाट्याने. अक्षर अजून तिसरीतलंच.

११ मे

आई म्हणे, "सांभाळून घे गं त्याला. लहान आहे." एक्कावन्न वर्षांचा लहान!

२६ मे

सायकलवाल्यांचा पुढारी आला होता. घामट, तावातावाने बोलणारा. ओल्या लोखंडावर चाकं घसरतील म्हणाला. म्हणणं बरोबर होतं, ऐकवत नव्हतं. तो समोर असतानाच मिस्त्रीला फोन करून ते काम मार्गी लावलं. पाच मिनिटांत. धाकट्याने यावर तीन बैठका घेतल्या असत्या.

१२ जून

चाचणी. समिती दहाला येणार होती, पावणेअकराला आली. मी बटण दाबलं. पंख उचलला गेला, झकास! — आणि अकरा अंशांवर मोटार धापा टाकत बंद पडली. पुन्हा दाबलं. पुन्हा अकरा. अध्यक्षांनी चष्मा पुसला. "चूक कुणाची?"

 मी धाकट्याकडे पाहिलं.

"माझी," धाकटा म्हणाला. "बाकं आणि दिवे. वजन वहीत कमी लिहिलं मी."

कमी लिहिलं! माझ्या वहीत! तरीच. हिशेब माझा चुकतो कसा, हेच मला कळत नव्हतं. त्यांनी तिथेच फैसला केला — चूक करणाऱ्याने कामातून बाहेर व्हावं, महिनाभरात पुन्हा दाखवा, ही शेवटची संधी. धाकट्याने पिशवी उचलली आणि गेला. आयुष्यात पहिल्यांदा कामाचं काही बोलला.

१३ जून

आई माझ्याशी बोलत नाही. तेवढीच शांतता.

१८ जून

बाकं, दिवे उतरवले. वहीप्रमाणे मागचं वजनही त्याच हिशेबाने काढलं. मोटार चालू केली.

अकरा अंश.

त्याची बाकं काट्यावर ठेवली. मग दिवे. मग एकेक स्क्रू. वहीत लिहिलंय तेच. ग्रॅमचाही फरक नाही! मग हा गाढव खोटं कशाला बोलला? प्रसिद्धीसाठी? असल्या प्रसिद्धीची हौस त्यालासुद्धा नसेल.

१९ जून

मिस्त्रीला उभं करून विचारलं, "पंखावर असं काय आहे, जे वहीत नाही?"

"काही नाही बाई. एक तुमचं रबर सोडून."

"कुठलं रबर?"

"सायकली घसरू नयेत म्हणून चिकटवायला सांगितलं होतं ना तुम्ही? फोनवर? पातळ म्हणाला होतात, पातळ शिल्लक नव्हतं, जाड लावलं."

"वहीत का नाही लिहिलं?"

"तुमचा हुकूम, बाई. तुमचं काम आम्ही काय तोलणार?"

मी तरी कुठे विचारलं त्याला नंतर? ते वहीत जायला हवं, हे मला सुचलंच नाही. वही इतरांसाठी होती.

खरवडून काढलं. काट्यावर टाकलं. एकतीस किलो.

ते पुन्हा चिकटवून मागे त्या हिशेबाने वजन वाढवल्याबरोबर पंख कसा जाईल, ते मला करून बघायची गरज नव्हती. तरी केलं. चौऱ्याऐंशी सेकंद.

२० जून

समितीला पत्र दिलं: पंख चौऱ्याऐंशी सेकंदांत उभा राहिला, चूक माझी होती, त्याला परत घ्या, मी कामातून बाहेर पडते. अध्यक्षांनी दोनदा वाचलं. पूल उघडणाराच होईल, म्हणाले. बाकीचं कळवतो.

मग धाकट्याला फोन केला. मोटार बंद पडली तेव्हाच त्याने पंखाची कड चाचपून पाहिली होती. रबर हाताला लागलं होतं.

"मग बोलला का नाहीस?"

"अध्यक्षांनी विचारलं तेव्हा सगळे तुझ्याकडे बघत होते, ताई. आणि तू माझ्याकडे."