तो माझ्या घरी राहील

मैंदर्गी,
११ ऑगस्ट २०२४

चि. उत्कर्षा हिस,
उर्वीच्या अव्वाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

सौ. लिहायला हात गेला होता, आवरला. तुला ते अक्षर आता रुचणार नाही, आणि मलाही लिहिताना खोटं वाटतं. सून म्हणू की लेक, तेही मी हल्ली ठरवत बसत नाही.

फोन बंद करून पत्रावर यायची वेळ आपल्यावर येईल असं वाटलं नव्हतं. शगुफ्ता मॅडम घरी येऊन समजावून गेल्या. संरक्षण अधिकारी म्हणजे कुणी जाडजूड चष्म्याची बाई असेल अशी माझी समजूत. ही तर माझ्या शेवटच्या वर्गातल्या मुलींच्या वयाची निघाली. म्हणाली, उत्कर्षाताई नवीन घरात गेल्या आहेत, पत्ता आणि नंबर माझ्याकडेच राहील, तुम्ही पत्र लिहा, मी पोचवीन. तुमच्यावर अविश्वास नाही, पण जे तुम्हाला माहीतच नाही ते तुमच्याकडून कुणी काढून घेऊ शकणार नाही. कुणी म्हणजे कोण, ते तिने सांगितलं नाही. माझ्या पोटच्या पोराचं नाव माझ्यासमोर घ्यायला तिला जड गेलं असावं.

परवा सोलापूरला बैठकीला बोलावलं होतं. तुरुंगाचे साहेब, तिकडचे आणि इकडचे पोलीस, प्रांत ऑफिसातले एकजण, दवाखान्यातले मनाचे डॉक्टर आणि मॅडम, सगळे एका टेबलाभोवती. एकाला ठाऊक ते दुसऱ्याला नाही असं होऊ नये म्हणून एकत्र बसलोय, असं मला सांगितलं. आधी सगळी हकीकत वाचून दाखवली. चार वर्षांपूर्वी, तू शिवणकाम करायचीस त्या नवी पेठेतल्या दुकानात अवधूत कोयता घेऊन आला, तू नांदायला यायचं नाकारलंस, मग तुझा खांदा, मग मधे पडलेल्या मालकांचा हात. हे काय मला नवीन आहे? तरी परक्याच्या तोंडून, पंख्याखाली बसून, चहाचा कप हातात धरून ऐकताना वाटलं, ह्यातली आई दुसरीच कुणी असेल.

दिवाळीनंतर त्याची शिक्षा संपते. तुरुंगातही तो तुझ्या नावाने बोलतो, असं साहेब म्हणाले. डॉक्टर म्हणाले, राग निवलेला नाही, धरून चाला. शिक्षा संपली की आत ठेवता येत नाही. सोलापुरात पाऊल टाकायचं नाही, तुम्हा मायलेकींच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही, ठाण्यात हजेरी द्यायची, एवढं कोर्टाच्या हुकुमाने बांधता येईल. पण तो राहणार कुठे? तिथे सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, कळवते.

उर्वीची नवी शाळा कशी आहे? नाव लिहू नकोस. बाई रागीट की हसऱ्या, तेवढंच लिही.

माया आटू देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
आई


सोलापूर,
२५ ऑगस्ट २०२४

ती. आईंच्या पायांशी,
उत्कर्षाचा शि. सा. न. वि. वि.

उर्वीच्या बाई हसऱ्या आहेत, पण गणिताच्या तासाला नाहीत. ती चौथीत गेल्यापासून मला मराठीच्या चुका दाखवते. हा गुण कुणाचा, ते मी सांगायला नको.

दर सुट्टीला मैंदर्गीची बस पकडायची तिची सवय. पत्ता फुटू नये म्हणून आता जायचं नाही, तर आधी मी सांगितलं की अव्वाला बरं नाही. तर म्हणाली, मग तर जायलाच पाहिजे की! शेवटी खरं सांगावं लागलं. तुम्ही गेल्या मे महिन्यात शिवून दिलेला परकर आता तिला तोकडा होतो, तरी तोच घालून बसली.

आई, तुमच्या पत्रातलं ते एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही कळवते म्हणालात. काय कळवणार आहात ते मला दिसतंय. नका घेऊ त्यांना घरात. त्यांनी तुमच्यावरही हात उगारला होता, ते कुठल्या कागदात आलं नाही, पण मी तेव्हा चुलीपाशीच होते. त्यापेक्षा घराला कुलूप लावा आणि इकडे या. दोन खोल्या आहेत, पाणी एक दिवसाआड येतं, पण तिघी मावू. उर्वी तर तुमची जागा ठरवून बसली आहे, खिडकीपाशी.

तुम्ही हट्टी आहात हे मी लग्नाआधीपासून ऐकून आहे. ह्या एका वेळी सुनेचं ऐकलंत तर शाळेतलं कुणी हसणार नाही.

प्रेम आहे तसं ठेवा.

आपली,
उत्कर्षा


मैंदर्गी,
१५ सप्टेंबर २०२४

चि. उत्कर्षा,
अनेक आशीर्वाद आणि उर्वीला गालगुच्चा. वि. वि.

रागावू नकोस. मी त्यांना कळवलं. तो माझ्या घरी राहील.

तुझ्याकडे यायचा विचार मी खूप केला. खिडकीपाशी बसूनही पाहिलं मनातल्या मनात. पण मी दार बंद केलं तर तो कुठे जाईल? पुण्याला, हैदराबादला, की थेट तुझ्या गल्लीत? कुणालाच कळणार नाही. माझ्या घरी असला तर सकाळी उठला का, जेवला का, कुठे गेला, हे एका माणसाला तरी ठाऊक असेल. आपल्या ठाण्यात बिरुदेव हवालदार आहे. माझ्याच हाताखाली शिकलेला, बाराखडीत फार मार खाल्लेला. तो म्हणाला, बाई, तुमी नुसता फोन करा, पुढचं आमी बघतो.

लोकांना वाटेल आईचं आतडं तुटलं म्हणून घेतलं. तुटतंच. ते मी तुझ्यापासून लपवत नाही. चार वर्षं मी त्याला भरवलं नाही. पण तेवढ्यासाठी नाही घेतलं, हे तू तरी ओळख.

ह्याची किंमत मला दुसऱ्या बैठकीत सांगितली. तो इथे असेपर्यंत तुम्ही दोघींनी मैंदर्गीला यायचं नाही, आणि मी तुमच्याकडे यायचं नाही, कारण माझ्या मागोमाग येणं त्याला सोपं आहे. मी हो म्हणाले. म्हणताना आवाज नीट निघाला. बाहेर आल्यावर मॅडमनी पाणी दिलं.

आठवण काढत राहा, मीही काढते.

तुझी,
आई


सोलापूर,
१ डिसेंबर २०२४

ती. आईंना,
दंडवत. वि. वि.

ते घरी पोचल्याचं मॅडमनी त्याच दिवशी सांगितलं. तुरुंगातून पोलिसांना, पोलिसांकडून मॅडमना आणि तिथून मला, असा निरोप आला. त्या दिवशी माझ्या हातून दोन ब्लाऊज उलटे शिवले गेले.

आमची काळजी नको. एक महिला शिपाई साध्या कपड्यात अधूनमधून चक्कर मारतात. मी त्यांना जाहिदाताई म्हणते, शेजारणींना वाटतं माझी मैत्रीण आहे, आणि आता ते खोटं राहिलेलं नाही. शाळेत फक्त मुख्याध्यापिकांना माहीत आहे. त्यांच्याकडे ह्यांचा फोटो दिला आहे आणि माझ्याशिवाय उर्वीला कुणाच्याही हाती द्यायचं नाही असं ठरलं आहे. खांदा थंडीत दुखतो, पण मशीन चालते.

उर्वी संध्याकाळी म्हणते, आता अव्वा दिवा लावत असेल. मग मीही हातातलं काम थांबवते. तुम्ही त्या वेळी खरंच दिवा लावत असाल तर आपण तिघी तेवढ्यापुरत्या एकत्र असतो, असं मी तिला सांगितलं आहे.

तुम्ही जेवता ना वेळेवर? ते नीट वागतात ना? खरं लिहा. लोभ कमी करू नका.

आपली,
उत्कर्षा


मैंदर्गी,
३ जानेवारी २०२५

चि. उत्कर्षास,
आशीर्वाद. वि. वि.

खरं लिही म्हणालीस, म्हणून लिहिते. तो नीट वागतो. हजेरी चुकवत नाही. नळाची तोटी बदलली, न्हाणीघराचं दार बसवलं. वेळ अमावस्येला शेतपूजेला जाताना भज्जी-आंबिलीच्या नैवेद्याची टोपली डोक्यावर घेऊन माझ्यापुढे चालत होता. बांधावर बसून शेंगापोळी खाताना कशावरून तरी हसला, आणि तो लहानपणी जसा हसायचा तसाच हसला. शेजारची बसम्मा कन्नडमधून म्हणाली, बघ, तुझं पोरगं परत आलं.

तू वाचून काय म्हणशील ते मला कळतं. मी शहाणी बाई आहे, भुलले नाही. पण त्या दुपारी तुम्ही दोघी बांधावर नव्हतात आणि तो होता. ह्या जन्मात एका वेळी सगळे मिळणार नाहीत असं दिसतं.

गड्ड्याच्या जत्रेला उर्वीला पाळण्यात बसव. तिला भीती वाटली तर तूही बस.

तुझी,
आई


मैंदर्गी,
९ फेब्रुवारी २०२५

चि. उत्कर्षा,
आशीर्वाद. तुम्ही दोघी सुखरूप आहात हे मॅडमनी सांगितलं, म्हणून लिहायला बसू शकले.

गेल्या आठवड्यात जेवताना तो म्हणाला, उर्वी लई उंच झाली की. मी आमटी वाढत होते. माझ्याकडे तिचा एकही नवा फोटो नाही. मी पळी पातेल्यात ठेवली, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं. कुणाच्या तरी मोबाईलवर शाळेच्या गॅदरिंगचा फोटो बघितला, म्हणाला. गणवेशाचा रंगही सांगितला. मग भात मागितला.

सकाळी देवळात जाते म्हणून मी ठाण्यात गेले. बिरुदेवाने माझ्यासमोर सोलापूरला फोन लावला. तिकडून मॅडमना कळलं, त्यांनी शाळेला कळवलं. मी घरी येऊन भाकरी केली.

मंगळवारी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो निघाला. अक्कलकोटला डॉक्टरांकडे गोळ्या आणायला जातो म्हणाला. मी भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली. तो पाया पडला. इतक्या वर्षांत कधी पडला नव्हता. तो गेल्यावर अंगण झाडताना बघितलं, तर गोठ्यातल्या खुंटीवर कोयता नव्हता. तूर काढायला नेला असेल असं मी मनाला सांगून पाहिलं. तूर केव्हाच निघाली होती.

फोन माझ्या पदरात होता. उत्कर्षा, तो फोन करताना मला काय वाटलं हे मी कुणाला सांगू शकणार नाही. ठाण्यात फोन उचलणाऱ्याने नाव विचारलं. कुणाची तक्रार, कोण बोलतंय. मी म्हटलं, अवधूतची आई बोलतेय.

सोलापूरच्या स्टँडवर बसमधून उतरतानाच त्याला धरलं. झटापट केली नाही म्हणे. बिरुदेव सांगायला घरी आला आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. पिशवीत कोयता होता, वर माझी भाकरी तशीच बांधलेली. जेवला नव्हता.

तुझी,
आई


सोलापूर,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. आई,
नमस्कार.

मला त्या सकाळी काहीच माहीत नव्हतं. जाहिदाताई रिक्षा घेऊन कामावर आल्या, म्हणाल्या, चला, घाबरू नका, पोरगी ठीक है. शाळेत उर्वी मुख्याध्यापिकांच्या खोलीत चिक्की खात बसली होती. बाहेर दोन पोलीस. शगुफ्ता मॅडमनी माझा हात धरून ठेवला होता, त्यांच्या फोनवर पकडल्याचा निरोप येईपर्यंत. नंतर त्यांनी सांगितलं, फोन कुणी केला ते.

मी उर्वीला अजून सांगितलं नाही. तिला काय सांगू? तिचा जीव कुणी वाचवला, की तिच्या अव्वाचं काय गेलं?

हुकूम मोडला म्हणून आणि कोयत्यासाठी नवा खटला आहे, इतक्यात सुटणार नाहीत. मॅडम म्हणतात, आता मैंदर्गीला जायला हरकत नाही. येऊ का? तुमच्यासमोर उभं राहायचं धाडस मला होत नाही, म्हणून विचारते. तुम्हाला आमचं तोंड बघवणार असेल तरच.

आपली,
उत्कर्षा


मैंदर्गी,
२ मार्च २०२५

चि. उत्कर्षा,
आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. मी तुरुंगात त्याला भेटायला गेले होते. जाळीपलीकडे आला. मी बोलायच्या आधीच त्याने विचारलं की तूच सांगितलंस ना. मी हो म्हटलं. तो उठून आत गेला. भेटीची वेळ पुष्कळ उरली होती. मी ती संपेपर्यंत तिथेच बसले, न जाणो परत आला तर.

गावात मला मान आहे सध्या. ठाण्यात खुर्ची देतात. बसम्मा दोन्ही वेळ येऊन विचारते, ऊटा आतेन, जेवलीस का. कुणी म्हणतं, बाई धीराची. कुणी माझ्यासमोर त्याला शिव्या देतं, मला बरं वाटावं म्हणून. आणि त्याचं नाव कुणी घेत नाही. माझं मूल गेलं आहे आणि भेटायला कुणी येऊ शकत नाही, असं झालंय.

तू विचारतेस येऊ का. ये. उर्वीला घेऊन ये, आणि राहायला ये. पण एक मागते. इथे आलीस की त्याचा विषय टाळू नकोस. त्याने तुझं काय केलं हे तुझ्या खांद्याला माहीत आहे, आणि तो हसायचा कसा हेही तुला माहीत आहे. ही दोन्ही माहीत असलेलं माणूस माझ्याखेरीज जगात एकच आहे. मला त्याच्यासाठी एकदा रडायचं आहे, आणि ते मी दुसऱ्या कुणाजवळ रडू?

पहिल्या बसने निघा. लोभ आहेच, तो घेऊनच या.

तुझी,
आई