काढू नकोस, दाबून धर

४ फेब्रुवारी

रक्त आलं. थेंबभर! पण ते आईने बघितलं आणि संपलंच.

आरशासमोर उभी राहून साखर मोजणारा सेन्सर लावत होते, दंडाच्या मागच्या बाजूला, नेहमीसारखा. साबणाने धुतलं, कोरडं केलं, खट्‌कन दाबलं. या वेळी मधल्या बारीक भोकातून लाल ठिपका वर आला आणि कोपराकडे ओघळला. मी कापूस शोधतेय तोवर आई दारात. लोटलेलं दार तिला उघडंच वाटतं. "अगं रक्त! काढ, काढ ते आधी!" मी म्हणतेय, थांब, दाबून धरते. तिने ओढलाच. मग मात्र खरंच भळभळलं.

नंतर खोक्यातला कागद वाचला. थोडं रक्त आलं तर घाबरू नका, सेन्सर काढू नका, स्वच्छ कापसाने थोडा वेळ दाबून धरा. थांबलं की वापरा. थांबलंच नाही तर काढा आणि दुसरा लावा. आईला मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणाली, "हे लिहिणाऱ्याच्या मुलीला नसेल आलं रक्त."

तो शेवटचा होता. नवा खोका शनिवारी. तोवर बोटं टोचायची.

५ फेब्रुवारी

दंडावर सेन्सर नाही म्हणजे आईच्या फोनवर माझा आकडा नाही. म्हणून आज दिवसभर फोन. सेन्सर असतो तेव्हा आकडा बघून फोन. म्हणजे फोन आहेच.

शाळेत असताना मला साखर निघाली. तेव्हापासून इंजेक्शनं आणि आई. माझं एकतिसावं चालू आहे. दंडावरचा आकडा माझ्या फोनवर येतो, तिथून तिच्या फोनवर. साखर खाली गेली की दोन्ही फोन बोंबलतात, आणि मी हात पुढे करायच्या आत तिचा कॉल. जन्मभर गणित शिकवलं तिने. आता निवृत्त झालीय आणि वर्गात मी एकटीच उरलेय.

बाबांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. शिकणारा चालवतो, पण गाडी थांबवायची कधी ते बाबा ठरवतात. तशी मी.

६ फेब्रुवारी

बातमी! दुसऱ्या शहरातल्या स्टुडिओने बोलावलंय. लहान मुलांची मालिका, मुख्य आवाज माझा — एका भित्र्या बसचा. सहा महिने तिथेच राहायचं. आजवर मी काय बोललेय? लिफ्टमध्ये "दरवाजे बंद होत आहेत." वॉशिंग मशीनचं "झाकण उघडू नका." आता बस! तीही रडणारी, रुसणारी, घसरणारी. मी बूथमध्येच उड्या मारल्या. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट ओरडला, "माइक पडेल बाई!"

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "वा रेडिओ!" (लहानपणापासून मी रेडिओ.) आई भांडी पुसत राहिली. "तिथे साखर उतरली तर उठवणार कोण?" मग जेवताना स्वतःच अट घातली. नवा सेन्सर लावल्यापासून त्याची दोन आठवड्यांची मुदत संपेपर्यंत ॲपमधली साखरेची रेघ सरळ ठेवून दाखवायची. "एकदाही वरखाली झाली नाही तर जा."

एकदाही! माझी रेघ सरळ कधी राहिलीय? आजारच तो आहे. हे तिला माझ्याहून जास्त माहीत आहे. म्हणजे नाही म्हणायची ही तिची पद्धत.

८ फेब्रुवारी

केलं. खरंच केलं.

खोका आला, आत एकच सेन्सर. आई बाजारात. बाबा पेपर वाचत होते. म्हटलं, बाबा, एक काम कराल? हा सेन्सर तुमच्या दंडावर लावू? ज्या माणसाला कधी डोकंसुद्धा दुखलं नाही, त्याची रेघ सरळच असणार ना? त्यांच्या फोनवर माझ्या नावाने ॲप उघडलं. माझी गाडी बाबा चालवणार, आई बघत बसणार. मी बोटं टोचून माझं माझं बघेन. बाबांनी सगळं ऐकलं आणि बाही वर केली. "पळ काढायला मदत करणं हा माझा धंदाच आहे."

खट्‌. आणि आलं रक्त! माझ्यापेक्षा जास्त. बाबांचा चेहरा पांढरा. "अगं, हे... हे एवढं येतं?" मी म्हटलं, काढायचं नाही, दाबून धरा, कापूस सारखा उचलून बघू नका. खुर्चीत बसून डोळे मिटून दाबत राहिले. थांबलं. भोकाभोवती गुलाबी कडा तेवढी राहिली. आईच्या चपलांचा आवाज आला तेव्हा बाही खाली होती.

१० फेब्रुवारी

सकाळभर बाबांची रेघ बऱ्यापैकी. संध्याकाळी दोनशे तीस!

घरी आले तर आईचा फोन टेबलावर पालथा. मीच आपली सफाई देत सुटले — स्टुडिओत कुणाचा तरी वाढदिवस, केक, वगैरे. "हं," म्हणाली. एवढंच. आजवर दोनशे तीसला "हं" झालेलं नाही.

बहुतेक रक्तामुळे आकडा चुकतोय. लावताना रक्त आलं की कधी कधी गडबड होते.

११ फेब्रुवारी

दुपारी बाबांच्या गाडीत जाऊन बसले. शिकाऊ मुलगी नुकतीच उतरली होती. डॅशबोर्डवर बेकरीची पुडी, गोड पावाचा चुरा. म्हटलं, बोट द्या. "कशाला?" खात्री करायला. ॲप म्हणालं दोनशे एकेचाळीस. बोटाचं रक्त म्हणालं दोनशे अडतीस.

यंत्राला काहीही झालेलं नाही.

बाबा हसायला लागले. "तुझीच सवय लागलीय त्याला." मी हसले नाही. मग त्यांनी पुडी हळूच दाराच्या कप्प्यात सरकवली. "आईला सांगू नकोस हं, रेडिओ. तू बघतेयस ना, काय हाल करते ती." माझ्याकडे बघून म्हणाले हे! माझेच हाल दाखवून मलाच गप्प केलं.

१२ फेब्रुवारी

सकाळी उपाशीपोटी एकशे बासष्ट. त्यांची.

१४ फेब्रुवारी

आज जीव वाचला असं लिहू का? लिहिते.

बूथमध्ये होते. लिफ्टचंच काम. "कृपया दारापासून दूर उभे राहा." फोन बूथमध्ये आणायचा नाही हा नियम, आणि फोन असता तरी काय, बोंबलायला दंडावर काही नव्हतंच. बोट टोचायचं राहून गेलं. हे एवढं वाक्य झालं की टोचते, असं म्हणत राहिले. वाक्य काही होईना. दूरच्या ऐवजी जवळ म्हणाले. कागदावरची अक्षरं चालायला लागली. पाठ घामाने ओली, आणि मला उगाचच राग येत होता, माइकवर.

रेकॉर्डिस्टने दार उघडलं. हातात फोन. "तुझ्या आईचा आहे. विचारतायत, काही खाल्लंय का तिने?" म्हणजे तिकडे बाबांची रेघ वर गेली असणार आणि इकडे मला झापायला फोन! मी ओरडले, सांग त्यांना, काहीही खाल्लेलं नाही! त्याने सांगितलं. ऐकलं. मग सरळ ड्रॉवरमधून रसाचा डबा काढून माझ्या तोंडाला लावला. "त्या म्हणतायत, आत्ताच्या आत्ता गोड पाजा."

प्यायले. बसले. अक्षरं जागेवर आल्यावर बोट टोचलं, तरी पंचावन्न.

संध्याकाळी बाबांच्या फोनवर बघितलं. त्या वेळी त्यांची रेघ दोनशे वीसवर होती. दोनशे वीस बघून आई गोड पाजा कशी म्हणाली? चष्मा नसेल लावला.

१५ फेब्रुवारी

पुरती अडकलेय. अट मोडून झालीय, तरी आई अजून नाही म्हणालेली नाही. सांगितलं तर बस गेली, स्टुडिओ गेला, आणि आईला आयुष्यभर पुरेल एवढा पुरावा मिळाला. नाही सांगितलं तर बाबा पाव खात फिरणार आणि त्यांचा आकडा मला एकटीलाच माहीत. इतकी वर्षं मला वाटायचं, कुणी आपल्याला बघत राहणं वाईट. बघणाऱ्याचीही झोप जाते हे कुणी सांगितलं नव्हतं.

काल बाबांना म्हटलं, डॉक्टरकडे चला. "मुदत संपू दे गं." टीव्हीचा आवाज मोठा केला.

१७ फेब्रुवारी

सीटबेल्ट घासून सेन्सर हलला. पुन्हा रक्त. थोडंसंच. बाबांनी गाडीतून फोन केला, कुजबुजत, "काढू का?" नको, दाबून धरा! दुपारी म्हणाले, थांबलं. आकडाही बोटाशी जुळतोय. पण निळ्या शर्टाच्या बाहीवर डाग. म्हटलं, मशीनमध्ये तळाशी टाका.

१८ फेब्रुवारी

कामावरून आले तर निळा शर्ट दोरीवर. बाही स्वच्छ.

आई इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, "थंड पाण्यात भिजवायचा असतो. मशीनमध्ये टाकला तर डाग बसतो कायमचा." मी दारातच उभी. "हा दुसरा. पहिला बनियनच्या बाहीवर होता, खोका आला त्याच दिवशीचा. तुझ्या कपड्यांवर टिपका नाही, ह्यांच्या बाहीवर आहे. आणि ज्या माणसाचा फोन कायम फ्रिजवर पडलेला असतो, तो अंघोळीला जाताना फोन नेतो?"

म्हणजे तुला...

"तुझी रेघ मी पाठ केलीय गं. ती सकाळी अशी नाही उठत."

मग बोलली का नाहीस! मी ओरडलेच. अट कळून, फसवाफसवी कळून, इतके दिवस "हं" करत बसलीस?

तिने इस्त्री उभी ठेवली. "ह्यांच्या मागे किती वर्षं लागलेय, एकदा तपासून घ्या म्हणून. मला कधी बोट दिलं नाही. तुला दंड दिला. मी बोलले असते तर दुसऱ्या मिनिटाला काढून टाकला असता. आता पाहिजे तेवढे आकडे आहेत. उद्याची वेळ घेतलीय डॉक्टरांची."

आणि स्टुडिओतला फोन?

"तुझा आकडा नव्हता ना माझ्याकडे. मग काय करणार? आवाज ऐकायला फोन करत होते रोज. त्या दिवशी मागून तू ओरडलीस ना, काही खाल्लेलं नाही म्हणून — तुझी साखर उतरली की अशीच ओरडतेस. लहानपणापासून."

मला रडू आलं. रागाने आलं की कशाने, माहीत नाही. इतके दिवस मी ते फोन दोन शब्दांत कापत होते.

१९ फेब्रुवारी

बाबांना साखर. गोळ्या, चालणं, पाव बंद. सेन्सर सध्या राहू दे म्हणाले डॉक्टर, त्यांच्या स्वतःच्या नावाने. परत येताना गाडीत बाबा आपल्या बाजूचा ब्रेक दाबत होते. गाडी आई चालवत होती.

घरी आल्यावर आईने फोन माझ्यापुढे धरला. "तुझा आकडा काढून टाक ह्यातून. एका वेळी एकच माणूस झेपेल मला. अट हरलीस, पण जा. सेन्सर मात्र स्वतःच्याच दंडावर लाव."

काढून टाकायचं बटण सापडायला वेळ लागला. इतकी वर्षं हेच हवं होतं. दाबताना मोकळं वाटलं आणि मग उगाच तिचा फोन हातात धरून बसले.

ती म्हणाली, "ह्यांचा तुझ्या फोनवरही घेऊन ठेव. असू दे."

२४ फेब्रुवारी

निघाले. नवा सेन्सर लावला. रक्त नाही.

६ मार्च

फोन बूथमध्ये आणायचा नाही हा नियम इथेही आहे. मी आणला. बस चिखलात रुतून रडत होती, ऐन रडण्यात खिसा थरथरला. बाबा. दोनशे छत्तीस. दुर्लक्ष केलं. बस रडली. पुन्हा थरथरला. काचेवर टकटक करून काम थांबवलं, जिन्यात गेले.

"बाबा, काय खाल्लंत? खरं सांगा!"

त्यांनी फोन कट केला.

मी पुन्हा लावला.