हॉटेल मिसिसिपीच्या भिंतीवरचं कात्रण

वडीगोद्री,
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५, दुपार

प्रिय तन्वीर,

सलाम. रुखसारभाभी आणि बाळ खुशाल असतील. लेक झाल्याचं कळल्यावर तुझ्या अब्बांनी हॉटेलात येईल त्याच्या हातावर पेढा ठेवला. शेजारी संपतकडे नुसती टायरात हवा भरायला थांबले होते त्यांच्यासुद्धा. 'नाक माझ्यावर गेलंय' असं आजोबा झालेले पाशामियाँ सगळ्यांना सांगतात. पोरीच्या भल्यासाठी मी गप्प बसलो.

पत्र बघून हसशील. खिशात फोन असताना हा माणूस कागद का नासतोय? फोनवर लिहिलेलं हल्ली ज्याला लिहिलं त्याच्याआधी गावाला पोचतं, म्हणून. गोजरबाई उद्या भाचीकडे मंठ्याला, म्हणजे भाभींच्या माहेरगावीच निघालीय, तिच्या पिशवीत हे देतोय. तू उर्दू शाळेचा, मराठी वाचायला तुला जड जातं. भाभी वाचून दाखवतील. भाभी, जरा मोठ्यानं वाचा.

हॉटेलचं म्हणशील तर तुझा तो अमेरिकी रस्सा, गंबो, बिघडलेला नाही. तू दाखवलंस तसं गोजरबाई पीठ तेलात काळंभोर होईपर्यंत परतते, हात थांबवत नाही, आणि येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवते, "ह्यात अमेरिकेचं काय न्हाई हो. लग्नात आमटी घट्ट करायला येसर भाजतो ना आपण, त्येच हाय. वर भेंडी आन् कोंबडी." मिसिसिपी नदीतल्या बोटीवरच्या किचनात नऊ वर्षं घासून तू जे शिकलास, ते तिनं एका वाक्यात अंबड तालुक्यात आणून बसवलं.

गिऱ्हाईक जरा कमी आहे. थंडी असेल.

संपतनं हवा भरायचं मशीन उचलून पुलापलीकडे नेलं. का, विचारलं तर म्हणाला, "तिकडं सावली हाय." तिकडे एक झाड नाही. समोरच्या लिंबाखाली सोमवारपासून तीन मोटारसायकली लागतात. माणसं बदलतात, गाड्या त्याच. चहासुद्धा घेत नाहीत. आपल्या पाटीचे फोटो काढतात. जागेचा मालक पुंजाराम काल येऊन गेला. "पाशाभाई, पाटी चार दिस उतरवा. हवा बराबर न्हाई."

"हवा खराब है तो पाटी का क्या कसूर?" अब्बा म्हणाले.

"मंग हॉटेल तरी बंद ठेवा."

"आज बंद किया तो समझो कबूल किया."

काय कबूल, ते दोघांपैकी कुणी बोललं नाही. मी तिथंच होतो. मीही बोललो नाही.

मंगळवारी एक अतिशय सभ्य माणूस आला. दोन बशा गंबो खाल्ला. तिसरी बशी स्टीलच्या डब्यात भरून घेतली, झाकण लावलं, वर चिकटपट्टी मारली आणि तिच्यावर तारीख लिहिली. जेवणावर तारीख घालणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. जाताना माझ्याशी गोड बोलला. "मालक कधी येणार?" मी सांगून टाकलं, रविवारी, अकराच्या गाडीनं. सभ्य माणसाला उत्तर द्यायची आपल्याला सवय असते. आता गावात जो तो दबक्या आवाजात विचारतो, "रविवारीच ना?"

तर आता ते कात्रण.

'कुठे खावं' या सदरात 'चौकस' नावाच्या माणसानं आपल्या हॉटेलावर लिहिलं. तो जालन्याचा कुणी प्रोफेसर असावा असा तुझा अंदाज. तू ते लॅमिनेट करून आणलंस आणि काउंटरवर येऊन म्हणालास, "अप्पा, वाच ना यार, मी नीट ऐकतो." मी वाचलं. "लुझियानाचं क्रिओल आणि केजन जेवण कुठे खावं? न्यू ऑर्लिन्सला जायची ऐपत नसेल तर वडीगोद्रीला. चिखलातून येणारे रस्ते दोन्हीकडे सारखेच, पण इथला आचारी जास्त हसतो." तू हसलास. पुढचं वाचलं. तुझे डोळे भरून आले, आणि तू तो कागद कपाळाला लावलास.

तन्वीर, चौकस मीच. आणि त्या दिवशी वाचताना मी मधलं एक वाक्य गाळलं. ते असं आहे:

'त्या मुलखात या रश्श्यात डुकरापासून बैलापर्यंत काहीही पडतं म्हणतात. आपल्याकडे काय पडतं, ते आचाऱ्याला ठाऊक आणि त्याच्या अल्लाला.'

लिहिलं तेव्हा मीच दोनदा हसलो होतो. तुझ्या कढईत बकरा आणि कोंबडीपलीकडे काही पडत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? रोज तिथंच जेवतो मी. पण वाक्य बसलं होतं चांगलं, आणि चांगलं बसलेलं वाक्य माझ्यानं खोडवत नाही.

तुझ्याच भिंतीवरून कुणीतरी तेवढ्याच वाक्याचा फोटो काढला. खाली लाल रेघ. आता ते अंबडपासून बदनापूरपर्यंत फिरतंय. काहीजण बैलाचा जाब विचारणार आहेत, काहीजण डुकराचा. एरवी एकमेकांच्या सावलीला न थांबणाऱ्या या मंडळींनी वेगवेगळं बसून एकच वार ठरवला.

बुधवारी चौकीत गेलो. साहेब म्हणाले, "लिहिणारा सापडला तर निम्मं काम होईल." मी चहा घेतला आणि परत आलो.

हे सगळं त्या कात्रणातूनच निघालं, हे अब्बांना माहीत नाही. रोज सकाळी ते फडक्यानं ते कात्रण पुसतात. आज मला म्हणाले, "अप्पा, इतवार को लोग आएँगे ना, तू उनको ये पढ़ के सुना. इतना अच्छा लिखा है किसीने, सुनेंगे तो ठंडे हो जाएँगे. तेरी आवाज अच्छी है."

मी हो म्हणालो.

तेव्हा रविवारी तू येऊ नकोस. सोमवारीही नको. पोरीला घेऊन तर मुळीच नको. अब्बांना पुंजारामच्या घरी नेऊन बसवायचं त्यानं कबूल केलंय. ते उठतील का, सांगता येत नाही. हे पत्र गोजरबाईला दिलं की मी चौकीत जाणार आहे, या खेपेस चहा न घेता. नाव देणार आहे. त्यांनी मला परत सोडलं, तर अकरा वाजता काउंटरवर उभा राहून सगळं वाचीन, मधल्या वाक्यासकट. आणि छापताना जे खाली नव्हतं, ते नावही.

भाभी, इथवर येताना त्याचं तोंड बघून एखादं वाक्य गाळावंसं वाटलं असेल. गाळलं असेल तर मागे जा आणि वाचा.

ज्याच्या हातचं रोज जेवला त्याच्याच कढईवर बोट ठेवणारा,
अप्पाराव