कोर्दोबाचा राहाट आणि मागून आलेली हाक

श्री. दादाभाऊ यांना,

कुंडलिकचा कोर्दोबा मुक्कामाहून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? पारगावच्या उसाला तोड आली का? आम्ही तिघंही खुशाल आहोत. खरं तर फोनच केला असता, पण अंजना, म्हणजे तुमची बहीण, सारखी शेजारी असते आणि विषय तिच्यासमोर काढण्यासारखा नाही. म्हणून हॉटेलच्या कागदावर लिहून फोटो पाठवतोय. वाचलात की पुसून टाका.

आज आमच्या लेकीने, आरतीने (तिचं इथं ऑलिव्हच्या झाडांवर संशोधन चालतं, हे तुम्हाला माहीत आहेच) आम्हाला गाव दाखवलं. बरोबर तिच्या कामावरचा राफा नावाचा इथलाच पोरगा होता. त्याला इथली सगळी माहिती आहे, एवढंच ती म्हणाली. आधी जुनी मशीद पाहिली. आत खांबच खांब, वर लाल-पांढऱ्या कमानी आणि मधोमध नंतर बांधलेलं चर्च. (अंजनाने एवढंच विचारलं, की हे सगळं झाडायला माणसं किती लागत असतील.) अंगणात संत्र्यांची झाडं, बुंध्याबुंध्याला पाटाचं पाणी, अगदी आपल्यासारखं. खाली फळं नुसती पडलेली. मला बघवेना, एक सोलून खाल्लं. (कुणी उचलत का नाही, ते लगेच कळलं.)

जेवायला टोमॅटोचं थंडगार सार आलं, फोडणीच द्यायला विसरल्यासारखं. अंजनाने पर्समधून शेंगदाण्याची चटणी काढली. राफाने ती सारात कालवली, खाल्ली, वर आणखी मागितली. पाण्याच्या ग्लासाला हात लावला नाही. मी पाहिलं आणि सोडून दिलं.

मग नदीवर गेलो. तिथं घराएवढा लाकडी राहाट उभा आहे, बंद पडलेला. आता आळेफाट्यावर ट्रॅक्टरचे स्पेअरपार्ट विकण्यात माझा जन्म गेला. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला तर नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो. बंद चाक दिसलं की माझा पाय निघत नाही. चाकाचा आस कशावर टेकलाय बघायला कठड्यावरून वाकलो, आणि मागून हाक आली, ‘‘आवो मामा, दमानं!’’

हाक राफाची! दादाभाऊ, परका पोरगा अंकल म्हणाला असता, फार तर काका. सासऱ्याला मामा म्हणतात, हे याला कुणी सांगितलं? वळून बघतो तर आरती स्वतःच्या बुटांकडे बघतेय. म्हणजे गाव हे निमित्त, दाखवायचा होता तो मुलगा! आपल्याकडे स्थळ बघायला गेलं की पोहे तरी मिळतात. मी गार सारावर बघून मोकळा झालो होतो, तेही एक प्रश्न न विचारता.

पोरगा सरळ वाटला. पोरीचं मन मोडायची माझी इच्छा नाही. अडचण तुमच्या बहिणीची आहे. नगरचं स्थळ आलं तेव्हा ‘लई लांब पडतं’ म्हणून दोन दिवस रडलेली बाई ती. तुमचा शब्द ती मोडत नाही. आम्ही परत येईपर्यंत तिला फोनवरून हळूहळू तयार करा.

आपला,
कुंडलिक

ता. क. हे लिहीत असतानाच अंजनाचा फोन वाजला. ती गॅलरीत जाऊन हळू बोलली, पण माझे कान तुम्हाला माहीत आहेत. ‘‘व्हय रं राफा, कळलंय त्यास्नी, पर चिडलं न्हाईत. माझ्या भावाला चिठ्ठी लिवत बसल्यात. मी म्हनलं व्हतं ना, राहाट दाखव म्हून?’’ घरी रोज दुपारी फोन घेऊन ‘मैत्रिणीशी, अक्षदाशी बोलते’ म्हणायची, ती ही अक्षदा! आणि जगात मला ‘आवो, दमानं’ म्हणणारं माणूस एकच आहे, तुमची बहीण. लोखंडाचा आवाज ओळखणाऱ्याला घरचा आवाज ओळखता आला नाही.

ता. क. दुसरा. तेव्हा तिला तयार करायचं राहू द्या. आता मला तयार करा. मनातून मी आहेच, पण एवढं सगळं माझ्या पाठीमागे ठरल्यावर लगेच हो म्हटलं तर घरात माझी किंमत काय राहील? आम्ही आलो की दोन जाणती माणसं घेऊन दुकानावर या. मी नाही म्हणेन. तेवढ्यावर उठून जाऊ नका, दादाभाऊ. चहा मी मुद्दाम उशिरा सांगेन, तोवर समजूत घालत राहा.