शंभराचे एकशेदहा

६ जाने., मंगळ.
पुंडलिकनगर, नऊ घरं. सर्वेक्षणाचा प्रश्न तोच: वर्षभरानं भाव किती टक्क्यांनी वाढलेले असतील? या उत्तरांचा व्याजदर ठरवताना विचार होतो, असं आमचे सुपरवायझर भालेराव सर सांगतात. म्हणून सावकाश विचारतो. टक्के म्हटलं की लोक गप्प होतात. मग समजावतो: आज शंभराला मिळतं ते एकशेदहाला झालं, म्हणजे दहा टक्के. लगेच कळतं.

९ जाने., शुक्र.
सरांनी ऑफिसात बोलावलं. माझ्या चाळीसपैकी एकतीस फॉर्मांत दहा. "घरी बसून भरले काय रे?" नाही म्हणालो. "मंग गल्लीनं मीटिंग घेतली व्हय?" बाकीची पोरं हसली. सोमवारी सर स्वतः पडताळणी करणार. खोटं निघालं तर काम बंद. बारावी नापासाला लिहिण्याचं काम दुसरं कोण देणार? प्रत्येक घरी गेलोय. कुठल्या जिन्याला किती पायऱ्या, तेही सांगेन.

१० जाने., शनि.
राहवेना. पुंडलिकनगरच्या साळवेकाकूंकडे गेलो, त्यांचंही उत्तर दहा होतं. मेथी निवडत होत्या.
"काकू, दहाच का सांगितलं?"
"तूच म्हनलास की. शंभराचं एकशेदहा."
"ते उदाहरण होतं."
"आता सांगतो व्हय? कागद घेऊन आलास, म्हनलं याला वरचं ठाऊक असंल." मी फॉर्म भरून नेला त्याच दिवशी त्यांनी भाडेकरूला भाडं दहा टक्के वाढवणार म्हणून सांगितलं. तो खाली इस्त्री करतो. म्हणाला, मग मलाबी भाव वाढवावा लागंल.


११ जाने., रवि.
गारखेडा, आठ घरं. उदाहरण न देता विचारलं. एकानं चार, एकीनं पन्नास (सकाळीच लसूण आणला होता), दोघांनी "काय की बाबा". बाकीचीही वेगवेगळी. त्यांची स्वतःची तरी. पुंडलिकनगरला महागाईची धास्ती आहे, असं वरच्यांना वाटेल. ती धास्ती तर मीच…

१२ जाने., सोम.
सरांसोबत काकूंकडे. "व्हय, आला होता की. लई नीट समजावून सांगतं पोरगं." सर खूश. फॉर्म उद्या पाठवू म्हणाले. खाली इस्त्रीवाल्याच्या पाटीवर नवा भाव, रंग ओला.
चौकात म्हणालो, "सर, ते दहा त्यांचे नाहीत."
सरांनी गाडी कडेला घेतली, बंद केली नाही. "मंग कोनाचे?"
सांगितलं. सरांनी गाडी पुढे घेतली, मला घरी सोडलं.
एकतीस फॉर्म त्यांच्या डिकीत आहेत.