जरा हात लाव

१२ मे २०२४, पळसदेव
सांगवीहून दोन एसट्या बदलत एकदाचे पोचलो! माझा पहिला माहितीपट. बारामतीच्या शिबिरात सर म्हणाले होते, आपल्याच भागातली गोष्ट शोधा. आम्हाला सापडली: उजनीच्या पाण्यात बुडालेलं जुनं गाव. कॅमेरा माझ्या मित्राकडे, विशालकडे; आवाजाचं रेकॉर्डिंग माझ्याकडे. त्या जुन्या गावात वाढलेल्या सावळारामतात्यांच्या घरी उतरलोय. त्यांच्या सूनबाई विजयमालाताईंनी चिलापी माशाचं कालवण केलं होतं. विशालनं तीन भाकरी हाणल्या.

१३ मे
यंदा पाणी फार आटलंय, जुन्या घरांची जोती उघडी पडलीत. तात्या भर उन्हात गाळ तुडवत कुणाचं घर कुठलं ते दाखवत होते. पाण्यालगतच्या एका उंबऱ्यापाशी मात्र थांबले नाहीत. खोदून विचारल्यावर बोलले. ते त्यांच्या आत्याचं घर, छबूबाईचं. गाव उठलं तेव्हा ती आपली संदूक सोडून निघेना. एकटीला उचलेना, आणि जो तो आपापलं सामान वाहण्यात. सकाळी तिथं नुसतं पाणी होतं.

१४ मे
त्याच उंबऱ्याजवळ तात्यांची मुलाखत. मध्येच माझ्या हेडफोनमध्ये बाईचा आवाज आला, "जरा हात लाव रं." वळून पाहिलं तर कुणीच नाही. विशालनं हेडफोन कानाला लावला. त्यालाही तेच ऐकू आलं. त्याला वाटलं, विजयमालाताईच. हसत ओरडला, "आलो, आलो!"
तात्यांचा चेहराच उतरला.
"हितं कुनाला ओ द्यायची न्हाय, पोरांनो. ओ दिली की जावं लागतं."

१५ मे
विशाल सकाळपासून जेवला नाही. दोन्ही हात पुढं, कोपरात वाकलेले. मी सरळ केले. पुन्हा तसेच.
रेकॉर्डिंग ऐकलं. बाईचा आवाज त्यात नाहीच. फक्त विशालचं "आलो".
विजयमालाताई म्हणतात, उद्या पहिल्या एसटीनं निघा.

१६ मे
बॅगा भरल्या. विशाल खोलीत नव्हता.
तो पाण्यात आहे. कंबरभर. तोंड माझ्याकडं, जड काहीतरी धरल्यासारखा उलट्या पावलांनी आत आत जातोय. तात्या होडी आणायला पळालेत. मला बजावून गेले, त्यो काय बी म्हनू दे, तोंड मिटून ऱ्हा. तोंड उघडू नये म्हणून लिहितेय.

छातीपर्यंत. त्याला पोहता येतं, नीरा कालव्यात शिकलाय. मग हात का सोडत नाही —

"श्रेया, हात लाव गं. एकट्याला जड होतंय."
आवाज त्याचाच. विशालचाच.

होडी दिसत नाही —

हनुवटी. रडतोय. मला ओळखतोय तो —

मी ओ देत नाही. मी लिहितेय. मी फक्त लिहि —

म्हणाला, तू पण नाही का गं?

केस तेवढे —

आले रे, विशा